घोडे वाढले, टांग्याचे काय?

मागच्या महिन्यातल्या एका रविवारी सकाळीच माझा पुतण्या घरी आला. पोहे होईपर्यंत इकडचे तिकडचे बोलला आणि मग खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. बँकेतून निवृत्त होऊन मला काही वर्षे झाली, पण असा कागद पुढे आला की हात अजून आपोआप चष्म्याकडे जातो. वैयक्तिक कर्जाचा अर्ज होता. रक्कम साडेतीन लाख. जामीनदाराच्या रकान्यात माझे नाव त्याने पेन्सिलीने आधीच लिहून ठेवले होते.

“कशासाठी रे?”

“गाडीसाठी, काका.”

“गाडी तर आहे तुझ्याकडे. गेल्याच वर्षी घेतलीस ना?”

“तिची पॉवर वाढवायचीय. १५० ची २२० करायची.”

पुतण्या वाळूजच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे, बत्तिशीचा आहे, व्यसन काही नाही. गाडी सेकंडहँड, टर्बो पेट्रोल. तिच्यावर त्याचा जीव आहे. सोबत खर्चाची यादीही होती. इंजिनाच्या संगणकाचे रिमॅपिंग, हवा जास्त घेणारा इनटेक, मोठा इंटरकूलर, मोकळा एक्झॉस्ट. मी यादी दोनदा वाचली. तीस-पस्तीस वर्षे दुसऱ्यांची अंदाजपत्रके वाचण्यात गेली असल्यामुळे यादीत काय आहे यापेक्षा काय नाही, याकडे माझे लक्ष आधी जाते.

“यात क्लच कुठे आहे? ब्रेक कुठे आहेत?”

“ते गाडीला आहेतच की, काका,” तो म्हणाला.

या एका वाक्यावर मला हा लेख लिहावासा वाटला. कारण हे वाक्य एकट्या माझ्या पुतण्याचे नाही.

आमचे शहर गाड्यांचे शहर आहे. आज त्याला छत्रपती संभाजीनगर म्हणतात. मी ज्या काळाबद्दल बोलतो आहे तेव्हा ते औरंगाबाद होते. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना वाळूजला आला आणि इथल्या घराघरांत पाळीचे डबे भरले जाऊ लागले. २००१ मध्ये शेंद्र्याला स्कोडा आली. २०१० च्या ऑक्टोबरात इथल्या उद्योजकांनी आणि व्यावसायिकांनी मिळून १५० मर्सिडीज एकदम खरेदी केल्या, सुमारे ६५ कोटींचा तो व्यवहार देशभर गाजला. त्या दिवशी बँकेतल्या आम्हा सगळ्यांच्या तोंडी तोच एक विषय होता. अशा गावात तरुण मुलाला गाडीतल्या ताकदीचे वेड लागले तर नवल काय? वेडाबद्दल माझी तक्रार नाहीच. माझी तक्रार यादीबद्दल आहे.

आधी ताकद म्हणजे काय ते पाहू. अश्वशक्ती हे माप जेम्स वॉटने रूढ केले, आपल्या वाफेच्या यंत्राची तुलना गिऱ्हाइकाला घोड्यांशी करून दाखवता यावी म्हणून. एक अश्वशक्ती म्हणजे साधारण ७४६ वॅट. म्हणजे मुळातच हे विक्रीसाठी जन्माला आलेले माप. इंजिन प्रत्यक्षात जे देते तो पीळ, ज्याला आपण टॉर्क म्हणतो, न्यूटन-मीटरमध्ये मोजतो. हा पीळ जितक्या वेगाने फिरेल तितके घोडे. कपडे पिळताना मनगटात जो जोर लागतो तोच हा जोर. फरक इतकाच, की इंजिनाचा पीळ जमिनीपर्यंत पोहोचायला मध्ये बरीच मनगटे लागतात.

ती कोणती? इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील, त्याला चिकटून क्लचप्लेट. क्लचप्लेट कशाने धरते? खिळ्यांनी नव्हे, नटबोल्टांनी नव्हे. निव्वळ स्प्रिंगच्या दाबाने आणि घर्षणाने. पीळ त्या पकडीपेक्षा जास्त झाला की प्लेट घसरते, तापते, करपल्याचा वास येतो. पुढे गिअरबॉक्सचे दात. मग डिफरन्शल. मग दोन्ही बाजूंचे एक्सल आणि त्यांचे जॉइंट. मग हब, आणि शेवटी टायर. प्रत्येक दुवा कारखान्यात एका ठराविक पिळाचा हिशेब करून, वर थोडी राखीव ताकद ठेवून बांधलेला असतो. ती राखीव ताकद धक्क्यांसाठी असते, खड्ड्यांसाठी असते, दहा वर्षांच्या झिजेसाठी असते. रिमॅपिंग करणारा तीच खर्चून टाकतो. बँकेच्या भाषेत सांगायचे तर मुदत ठेव मोडून रोजचा खर्च भागवणे.

आता थोडे गणित. समजा इंजिनाचा पीळ २५० न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरात तो साडेतीन पट होतो आणि डिफरन्शलच्या दातांवर आणखी चार पट. म्हणजे चाकांपाशी ३५०० होऊन पोहोचतो. इकडे पुढच्या दोन चाकांवर समजा गाडीचा ८०० किलो भार आहे. कोरड्या डांबरावर चांगल्या टायरची पकड त्या भाराच्या नऊ दशांश धरा, चाकाची त्रिज्या ३२ सेंटिमीटर धरा. हिशेब करून पाहा: टायर जमिनीला जेमतेम सव्वादोन हजार न्यूटन-मीटर देऊ शकतो. म्हणजे घोडे वाढवण्याच्या आधीच, पहिल्या गिअरात पूर्ण पाय दाबला तर टायर हात वर करतो. पीळ ३५० केला तर चाकांपाशी ४९०० येतात. जमिनीला मिळतात तेवढेच सव्वादोन हजार. बाकीचे धुरात, रबरात आणि आवाजात जातात. शिवाय गाडी जोरात सुटते तेव्हा भार मागे सरकतो आणि पुढची चाके आणखी हलकी होतात. साधे डिफरन्शल दोन्ही चाकांना सारखाच पीळ देते, म्हणून एक चाक वाळूवर गेले की दुसऱ्याचीही ताकद त्याच्याइतकीच उरते. संयुक्त कुटुंबात सगळ्यात कमजोर भावाच्या ऐपतीवर सगळ्यांचा खर्च बेतावा लागतो, तसे.

हे सगळे कारखानदारांना ठाऊक असते. त्याचे आमच्या दारातलेच उदाहरण सांगतो. २०१६ मध्ये आलेली, शेंद्र्याला जुळणी होणारी स्कोडा सुपर्ब. १.८ लिटरचे पेट्रोल इंजिन, दोन्ही प्रकारांत १८० अश्वशक्ती. हाताने गिअर टाकायच्या गाडीत या इंजिनाचा पीळ ३२० न्यूटन-मीटर होता. ऑटोमॅटिक गाडीत तोच २५० वर आणलेला. का? तर त्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा कोरडा दुहेरी क्लच साधारण २५० पर्यंतच्या पिळासाठीच बांधलेला होता. इंजिन देऊ शकत होते, तरी दिले नाही. गिअरबॉक्सची ऐपत पाहून इंजिनाला लगाम घातला. मला ही गोष्ट कळली तेव्हा त्या न पाहिलेल्या इंजिनिअरबद्दल मला आदर वाटला. आमच्या पेशात याला कर्जफेडीची क्षमता पाहणे म्हणत. आणि त्याच कंपनीने २०२० मध्ये २४५ घोड्यांची ऑक्टाव्हिया आरएस आणली तेव्हा तिला तेलात बुडलेल्या क्लचचा, जास्त पीळ झेलणारा गिअरबॉक्स दिला, चेसिस वेगळी दिली, ब्रेक मोठे दिले. घोडे वाढवले ते टांग्यासकट.

पुतण्याला हे सांगून पटेना. तेव्हा मी त्याला जुन्या मोंढ्याजवळ एका उस्तादांकडे नेले. पंचाहत्तरी गाठलेला माणूस, आता हात थरथरतात म्हणून काम मुले बघतात, तो खुर्चीवर बसून बघतो. त्यांनी यादी मुलाकडून वाचून घेतली आणि हसून म्हणाले, “साब, घोडे बढाना क्या मुश्किल है? मगर तांगा तो वहीच है ना!” मग पुतण्याला बाजूला बसवून त्यांनी बोटांवर मोजून दाखवले. आधी टायर. मग ब्रेकच्या डिस्क आणि पॅड, ब्रेकचे तेलसुद्धा, कारण साधे तेल फार तापले की त्यात बुडबुडे होतात आणि पेडल तळाला जाते. मग शॉकअप, स्प्रिंग आणि लोअर आर्मचे बुश. मग क्लच. इंजिनाला हात सगळ्यात शेवटी. स्प्रिंग कापून गाडी बुटकी करणाऱ्या पोरांवर ते विशेष चिडले. स्प्रिंग आणि शॉकअप हे नवरा-बायको आहेत, म्हणाले. एक बदलला आणि दुसरा तोच ठेवला तर स्प्रिंग उसळत राहते, शॉकअप तिला आवरू शकत नाही, आणि चाक जमिनीवर टिकत नाही. चाक जमिनीवर नसेल तर घोडे कशाला धरून पळणार?

निघताना ते मला म्हणाले, “साब, तुमच्या वेळेला आम्ही ट्रकला पाटे टाकायचो. गिऱ्हाईक मागायचं, बँक पैसा द्यायची.” ते सहज बोलले. मला मात्र परत येताना वाटेत बोलता आले नाही. पुतण्याने विचारले तेव्हा त्याला जे सांगितले तेच इथे सांगतो.

१९९४ ची गोष्ट. मी तेव्हा एका शाखेत कर्जविभागात होतो. एका ड्रायव्हरने स्वतःचा ट्रक घेण्यासाठी अर्ज केला. बारा वर्षे दुसऱ्याचे ट्रक चालवलेला, कष्टाळू, व्यवहाराला चोख. दोन आसांच्या ट्रकचे मालासह एकूण वजन तेव्हा १६.२ टनांच्या आत असावे लागे. म्हणजे माल नऊ-दहा टनांचा. त्या मालाच्या भाड्यात डिझेल, टायर, घरखर्च आणि हप्ता बसत नव्हता. मी दोनदा आकडेमोड केली. बसत नव्हताच. मग त्याच्याकडून प्रकल्प अहवाल पुन्हा लिहून घेतला. खेपा थोड्या वाढवल्या, भाडे थोडे वाढवले. कागदावर हप्ता बसला. प्रत्यक्षात तो कसा बसणार हे त्यालाही ठाऊक होते आणि मलाही. चौदा-पंधरा टन भरून.

ट्रक आल्यावर महिन्याभरात त्याने मागच्या कमानीला जादा पाटे टाकून घेतले. सगळेच टाकत. पाटे टाकले की भरलेला ट्रक मागून बसत नाही, सरळ उभा दिसतो. चेकनाक्यावरच्याला संशय येत नाही. आणि हळूहळू खुद्द ड्रायव्हरलाही वाटू लागते की गाडीला काही जड होत नाही. कमान वाढवली की भार दिसेनासा होतो. नाहीसा होत नाही. तो खाली एक्सलवर, टायरवर आणि मुख्य म्हणजे ब्रेकवर तसाच असतो.

जालन्याहून सळई भरून तो धुळ्याकडे निघाला होता. कन्नडचा औट्रम घाट उतरताना ब्रेक तापले. लायनर तापून गुळगुळीत झाले की पेडल कितीही दाबा, धरत नाही. त्याने ट्रक डोंगराच्या बाजूला घातला म्हणून स्वतः वाचला. शेजारी बसलेला क्लिनर गेला. सतरा वर्षांचा होता. चौकशीत ड्रायव्हरची चूक निघाली. विमा, खाते, वसुली, सगळे रीतसर झाले. माझ्या शेऱ्यावर कुणी बोट ठेवले नाही. शेरा मला अजून पाठ आहे: “परतफेडीची क्षमता समाधानकारक.”

मी कादंबऱ्या लिहितो. त्या मुलाला कादंबरीत आणायचा मी तीनदा प्रयत्न केला, तीनदा सोडून दिला. कारण त्या गोष्टीत खलनायक सापडत नाही. ट्रकचे इंजिन चांगले होते. कमानीचे काम चोख होते. ड्रायव्हर दारू पीत नव्हता. मी लाच घेतलेली नव्हती. प्रत्येकाने आपापला दुवा मजबूत केला होता, आणि साखळी कुणीच पाहिली नव्हती. पुढे २०१८ मध्ये सरकारने दोन आसांच्या ट्रकची मर्यादा १८.५ टनांपर्यंत वाढवली. वाहने सुधारली, रस्ते सुधारले, हे खरे. पण जादा पाट्यांचा हिशेब कायद्याने नंतर मान्य करण्याआधी किती घाटांत मांडला गेला असेल, कोण जाणे.

पुतण्याची गाडी आणि तो ट्रक यांत वरकरणी काही साम्य नाही. त्याने भारासाठी कमान वाढवली, हा वेगासाठी इंजिन वाढवतो आहे. पण चूक एकच: एका जागी ताकद वाढवायची आणि बाकीच्या जागांनी ती निमूट सोसावी अशी अपेक्षा धरायची. वेगाचा हिशेब तर भारापेक्षा निर्दय आहे. भार दुप्पट झाला तर ब्रेकचे काम दुप्पट होते. वेग मात्र वर्गाने वाढतो. ताशी १०० वरून थांबायला ब्रेकला जेवढी उष्णता गिळावी लागते, त्याच्या जवळजवळ दुप्पट १४० वरून थांबताना गिळावी लागते. वाढलेले आकडे फक्त चाळीस. वाढलेले काम जवळजवळ शंभर टक्के.

आणि हे १४० चालवायचे कुठे? आमच्या गावाशेजारून समृद्धी महामार्ग जातो. ७०१ किलोमीटर, २०२५ च्या जूनमध्ये तो पूर्ण खुला झाला. त्यावर मोटारींना मर्यादा ताशी १२० ची. पुतण्याची आजची गाडी, आहे त्या घोड्यांवर, तिथे सहज पोहोचते. कायद्याचेही ऐकून घ्यावे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीतला तपशील जुळणार नाही असा फेरफार करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल दाव्याच्या वेळी अंगाशी येतो तो वेगळाच. ताकदीची हौस असेल तर तिची जागा बंद ट्रॅकवर आहे, मोटरस्पोर्टच्या स्पर्धांत आहे. तिथे निदान समोरून बैलगाडी येत नाही.

कुणी म्हणेल, म्हातारा बँकवाला तरुणांच्या उत्साहावर पाणी ओततो आहे. तसे नाही. उत्साहाचे चांगले रूपही मी पाहिले आहे. बाहा एसएई इंडिया नावाची इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांची स्पर्धा २००७ पासून मध्य प्रदेशात पीथमपूरला सुरू झाली. मुले स्वतः खडबडीत रस्त्यावरची छोटी गाडी बांधून नेतात. तिचा एक नियम मला फार आवडला. वर्षानुवर्षे तिथे सगळ्या संघांना एकच इंजिन असे, दहा घोड्यांचे, आणि त्याला हात लावायची परवानगी नाही. मग मुले कशात चढाओढ करतात? सस्पेन्शनमध्ये, गिअरच्या प्रमाणात, वजन कमी करण्यात, वेल्डिंगमध्ये, आणि गाडी सावरून नेण्यात. दहा घोडे सगळ्यांनाच. ते जमिनीपर्यंत कोण नेतो, हा प्रश्न. ज्याने हा नियम केला त्याला शिक्षण म्हणजे काय ते कळले होते.

आमच्या शहरालाही हा नियम लागू करून पाहावा असे कधी कधी मनात येते. १५० मर्सिडीज आल्या तेव्हा आम्ही अभिमानाने छाती फुगवली. त्या मर्सिडीज ज्या रस्त्यांवरून घरी गेल्या, त्या रस्त्यांचे खड्डे चुकवायला चालकांना सर्कस करावी लागे, आणि ज्या घरांच्या फाटकात त्या शिरल्या, त्यांतल्या अनेकांच्या दारी टँकर उभे राहत. जायकवाडी भरलेले असे, नळ कोरडे असत. इंजिन मोठे झाले होते. क्लच, एक्सल, ब्रेक, सगळे जुनेच. कारखाने आणणारा फोटोत येतो, जलवाहिनी बदलणारा येत नाही. म्हणून बहुधा इंजिनच बदलले जाते.

असो. पुतण्याचे काय झाले ते सांगून थांबतो. औट्रम घाटाची गोष्ट ऐकल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. घरी पोहोचल्यावर त्याने अर्ज परत मागितला. मी म्हणालो, “अर्ज राहू दे. यादी उलटी करून आण. सही करतो.”

पुढच्या रविवारी तो नवी यादी घेऊन आला. टायर, ब्रेक डिस्क आणि पॅड, ब्रेक ऑइल, शॉकअप चार, लोअर आर्मचे बुश. सगळे त्याच्या गाडीला मूळ तपशिलाप्रमाणे बसणारे. एक लाख दहा हजार. क्लचपुढे त्याने लिहिले होते: “तपासून घेणे.” इंजिनापुढे काहीच लिहिलेले नव्हते.

“एवढ्यासाठी कर्ज कशाला, काका,” तो म्हणाला, “दिवाळीच्या बोनसमध्ये होईल.”

जामीनदाराच्या रकान्यातले माझे नाव पेन्सिलीचे होते. मी ते खोडरबराने पुसून अर्ज त्याला परत दिला.